हरकत आहे का, हे भर सभेत विचारू नका

महोदय,

नाताळचं नाटक संपून मुलं पंख आणि मुकुट उतरवत असतात, तोवर निम्मे फोटो चर्चच्या फेसबुक पानावर चढलेलेही असतात. कित्येक वर्षं हे काम मीच हौसेनं केलं. त्यामुळे हे पत्र इतरांच्या तक्रारीचं नाही. चूक माझी होती.

संडे स्कूलच्या पाठांतर स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो मी टाकला. प्रमाणपत्र छातीशी धरलेलं, चेहरा हसरा. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. "ताई, तो फोटो आत्ताच्या आत्ता काढा." फोटो मोठा करून पाहिला, तर प्रमाणपत्रावरचं पूर्ण नाव स्वच्छ वाचता येत होतं आणि मागे चर्चची पाटी, उपासनेच्या वेळेसकट. ज्या माणसापासून लांब राहायचं म्हणून मायलेकींनी घर बदललं होतं, त्याला दर रविवारी सकाळी त्या कुठे सापडतील हे मी सांगून बसले होते. फोटो लगेच काढला, पण तोवर तो पुढे गेला होता.

नुसत्या चेहऱ्यावरून एवढं कळत नाही. चेहरा, नाव, ठिकाण आणि वेळ एका जागी आले की कळतं. फोनच्या कॅमेऱ्यासाठी लोकेशन चालू असेल तर जागेचा ठावठिकाणा फोटोच्या फाइलमध्येच नोंदला जातो. बहुतेक समाजमाध्यमं तो बघणाऱ्याला दाखवत नाहीत, पण व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या मूळ फाइलीबरोबर तो जातो.

परवानगी घेतो, असं बऱ्याच मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, सांगतात. कशी? उपासनेनंतर "कुणाची हरकत नाही ना?" असं विचारून! भर सभेत कुठली आई हात वर करून आपलं घरचं सांगणार? फॉर्म हवा, आणि त्यात सूचनाफलक, छापील अंक, मंडळीचा ग्रुप आणि सर्वांना दिसणारं पान यांच्यासाठी वेगवेगळं हो-नाही हवं. दिलेला होकार नंतर मागे घेता यायला हवा. मुलालाही विचारावं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलांचा खासगीपणा कलम १६ मध्ये आहे आणि स्वतःशी संबंधित बाबीत मत मांडण्याचा हक्क कलम १२ मध्ये. कराराचं राहू द्या, मेंढीचे कान लावलेला आपला फोटो जगानं पाहावा असं बारा वर्षांच्या मुलाला वाटतं का, एवढं तरी विचारा.

थेट प्रक्षेपण बंद करा, असं मी म्हणणार नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना तीच उपासना. मुलं गायला पुढे आली की कॅमेरा क्रुसाकडे वळवावा, गाणं ऐकू येतंच. मला जास्त खटकते ती प्रार्थना. आजारी मुलाचं नाव, दुखणं, हॉस्पिटल, सगळं माइकवर सांगतो आपण, आणि ते रेकॉर्ड होऊन वर्षानुवर्षं तिथेच राहतं. देवाला नाव माहीत असतं हो.

आता मी फोटो पाठीमागून काढते, नाहीतर नुसत्या रंगानं माखलेल्या हातांचे. नावं लिहीत नाही. गेल्या महिन्यात माझाच फोन उघडला, तर सात वर्षांतली सगळी मुलं त्यात होती. पुसायला अख्खी दुपार गेली.

— संडे स्कूलची एक शिक्षिका