डेडलाइनची ‘शेवटची तारीख’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘डेडलाइनची शेवटची तारीख वाढवली’ अशी वाक्ये अलीकडे बातम्यांत वाचायला मिळतात. डेडलाइन म्हणजेच शेवटची मुदत असल्याने ही द्विरुक्ती खटकते, हे खरे. पण हा शब्द इतक्या सहजपणे वापरताना त्याची जन्मकथा सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात युद्धकैद्यांच्या छावण्यांत ही खरोखरीची रेषा होती. जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथे १८६४ मध्ये सुरू झालेल्या छावणीत लाकडी तटाच्या आत सुमारे १९ फुटांवर खुंट ठोकून त्यांवर आडव्या पट्ट्या मारलेल्या होत्या आणि हे किरकोळ कुंपण ओलांडणाऱ्या कैद्यावर मचाणावरचे पहारेकरी गोळी झाडत. (तिथल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळपास १३,००० दगावले, अर्थात बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने.) छावणीप्रमुख हेन्री विर्झ याच्यावरील १८६५ च्या खटल्यातही या रेषेचा उल्लेख आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत हाच शब्द मजकूर देण्याच्या अखेरच्या वेळेसाठी रुळला. म्हणजे आजचा अर्थ आपल्याच व्यवसायाची देणगी आहे!

डेडलाइन मराठीत रुळली आहे, तिला हाकलावे असे मी म्हणत नाही. मात्र ‘मुदत’ हा शब्द हाताशी असताना आणि तो टळते, संपते, वाढते अशा साऱ्या क्रियापदांशी सहज जुळत असताना, निदान मथळ्यांत तरी तो वापरावा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक