वेंगुर्ल्याच्या मैत्रिणीला पत्र: काकूंच्या साड्या, शंख आणि बटणांचा डबा

सावदा, चैत्र महिना

प्रिय सखे,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आई, म्हणजे आमच्या काकू, गेल्यावर त्यांचं कपाट उघडायचा तुला इतके दिवस धीर झाला नाही आणि उघडल्यावर पहिलं पत्र मला लिहिलंस, हे वाचून भरून आलं. तू विचारतेस, आईच्या साड्यांना कात्री लावू का, आणि बरण्यांमधल्या त्या शंखशिंपल्यांचं काय करू?

साड्यांना खुशाल कात्री लाव. गोधडी शिव आणि ती रोज अंगावर घे. शंख जसे आहेत तसे जप. पण त्याही आधी एक वही घेऊन काकांजवळ बस. कुठली साडी कधी घेतली, कुठला शंख कुठल्या किनाऱ्यावर सापडला, कोण बरोबर होतं, सगळं त्यांना विचार आणि लिहून काढ. कात्री महिनाभर थांबली तरी चालेल. काकांची आठवण आज ताजी आहे, ती आजच उतरवून घे.

एवढ्या कळकळीने का सांगते, ते ऐक. आमच्याकडे एक जुनी गोधडी आहे. लाल काठाच्या लुगड्याची. एका कोपऱ्यात वरचं कापड विरलंय आणि आतून जाडीभरडी खादी दिसते. तो माझ्या आजोबांचा सदरा. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. नेहरू अध्यक्ष होते, आणि बांबूसारखं गावाकडचं सामान वापरून नंदलाल बोसांनी तिथली सजावट केली होती. फैजपूर आमच्या शेजारीच. आजोबा तिथे पाणी वाटायला उभे होते, तो सदरा घालून. मला हे माहीत आहे कारण मायने गोधडी शिवताना त्या कोपऱ्यावर साखळी टाक्याने ‘नाना, फैजपूर’ एवढे दोनच शब्द भरून ठेवले. त्याच ट्रंकेत दुसरी एक गोधडी आहे, हिच्याहून सुबक शिवलेली. तिच्यात मधोमध हिरव्या खणाचा एक चौकोन आहे, मुद्दाम जपून लावलेला. तो खण कुणाचा, कुणाच्या चोळीचा, कुठल्या लग्नातला, हे सांगणारं आता घरात कुणी उरलं नाही. हात फिरवते त्याच्यावरून, आणि जीव तुटतो.

आता गोधडीचं सांगते. माझं सगळं शिक्षण मायजवळ झालंय, तेव्हा आमच्या घरची रीत म्हणून वाच. साडी साडेपाच मीटरची, पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर. म्हणजे मधोमध कापलीस की एका माणसाच्या गोधडीची वरची आणि खालची, दोन्ही बाजू एकाच साडीत निघतात. नऊवारी असेल तर आणखीच सोय. मध्ये काकांची जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, पोरीचे लहानपणचे फ्रॉक काहीही घाल, फक्त सुती असू दे. नायलॉनची साडी दिसायला कितीही आवडली तरी अंगाकडच्या बाजूला लावू नकोस, तुमच्याकडच्या दमट हवेत घाम टिपणार नाही. रेशमी साडी सुती थरांबरोबर मुळीच नको. धुतल्यावर दोन्ही कापडं सारखी आटत नाहीत, आणि जुनं रेशीम घडीवर चिरतं. काकूंची ती जांभळी पैठणी अखंडच ठेव.

सगळी कापडं आधी धुऊन घे, खळ पार जायला हवी. उन्हात कडक वाळव. मग ओट्यावर अंथर, कोपऱ्यांवर वजनं ठेव, हाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत जा आणि लांब लांब कच्चे टाके घाल. या कामात घाई केलीस तर धुतल्यावर आतला कपडा एका बाजूला गोळा होईल. नंतर धावदोरा. आमच्याकडे लांबीला समांतर ओळी घालतात, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. आत पिंजलेला कापूस नसतो म्हणून तर गोधडी धुता येते. कापसाची गादी भिजली की पुन्हा पिंजाऱ्याकडेच न्यावी लागते.

तुमच्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात, ती जमलं तर बघून ये. आफ्रिकेतून शतकांपूर्वी आलेल्या लोकांच्या या लेकी. त्यांची रीत वेगळी आहे. कडेपासून सुरुवात करायची, ठिगळं एकावर एक सरकवत फेऱ्या घालत घालत मध्यावर यायचं, आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्यांचं फूल लावायचं. कोपऱ्यावरच्या फुलाशिवाय गोधडी उघडी, असं त्या मानतात. मला हे इतकं आवडलं की मीही आता कोपरे तसेच करते.

डागांचं तू विचारलंस. काकूंच्या निळ्या साडीवर मासळीच्या कालवणाचा डाग आहे, तो भाग कापून टाकू का, म्हणून. नको गं! मायच्या प्रत्येक लुगड्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग आहेत. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की सोड्याने जात नाही, लिंबाने जात नाही, कापड फाटेतो राहतो. आमच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात बाईने केळीत काम केलंय हे तिच्या पदरावरून कळतं. बाहेरच्या बायका सांगतात, डागाची बाजू आत घाला. मी ती वर घेते. तिने चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वाफ्यांतून पाणी फिरवलं, घड कापून घेतले, ते त्या कापडावर आहे. अमेरिकेत अलाबामात गीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं गाव आहे, तिथल्या काळ्या बायका शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयाने त्या भिंतीवर लावल्या, २००६ मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. गुडघ्यावर विटलेली पँट तशीच त्यांच्यात दिसते. पण तू भिंतीवर लावू नकोस हं. हल्ली शहरात गोधडी फ्रेम करून टांगतात, ते मला मनापासून पटत नाही. गोधडी पांघरायची.

तुमच्या हवेचं मात्र सांभाळ. पोलादी सुया, टाचण्या कापडात खोचून ठेवू नकोस. खाऱ्या दमट वाऱ्याने त्या गंजतात, आणि गंजाचा ठिपका सुती कापडातून निघत नाही. काम थांबवलंस की सुई काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळ. पावसाळ्याआधी गोधडी पुरी होत नसेल तर घडी घालून कपाटात कोंडू नकोस, बाजेवर मोकळी टाक. बुरशी घडीतच धरते. आम्हाला इथे ती काळजी नाही. वैशाखात ओट्यावर गोधडी टाकली की तासाभरात पापडासारखी कडकडीत.

आता शंख. काकूंच्या बरण्या मला आठवतात. पुण्याच्या वसतिगृहातून पहिल्यांदा तुझ्या घरी आले, तेव्हा त्यांनी मला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर भल्या पहाटे नेलं होतं. ओहोटीची वेळ होती. रिकामाच शंख उचलायचा, आत शंखखेकडा राहत असेल तर परत ठेवायचा, असं त्यांनी शिकवलं. मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला आधी शंख दाखवावेत की समुद्र, तेच काकूंना कळेना.

तू लिहितेस की लाकडी कपाटातल्या शंखांवर पांढरी भुकटी आली आहे, आणि ती बुरशी समजून तू पुसतेस. ती बहुतेक बुरशी नाही. १८९९ मध्ये लॉफ्टस बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने ही खोड लिहून ठेवली, आणि तिला अजून त्याचंच नाव आहे. त्याला वाटलं जंतू असतील. पुढे कळलं की लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ सुटते आणि दमट हवेत ती शंखाला खाते, कारण शंख म्हणजे शेवटी चुनखडीच. म्हणूनच शंख चकचकीत करायला लिंबू किंवा व्हिनेगर लावायचं नाही. सगळे शंख गोड्या पाण्यात घाल, पाणी बदलत राहा, सावलीत पूर्ण वाळव, आणि काचेच्या बरण्यांत परत ठेव. लाकडी कपाट त्यांना नकोच. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. शाई दमट हवेत पसरते, पेन्सिल टिकते.

आणखी एक. बरण्यांत पोवळ्याचे तुकडे असतील, किंवा एखादा मोठा राजेशाही शंख असेल, तर तो विकायचा किंवा कुणाला द्यायचा विचार करू नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २००१ मध्ये पोवळी आणि शंखांच्या काही जाती घातल्या आहेत. पोरीलाही सांग, किनाऱ्यावर पोवळं दिसलं तर तिथेच राहू दे.

कुठे, कधी सापडलं ते चिठ्ठीवर लिहिण्याची सवय मला शंखांनी नाही, दगडांनी लावली. तुला माहीतच आहे, माझ्याकडे खिडकीत गारगोट्या असतात. इथे विहीर खणली की काळ्या पाषाणाच्या पोटातून पोकळ्या निघतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर गरम पाणी झिरपलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. पिवळसर गुलाबी, पंख्यासारखं पसरलेलं ते स्टिल्बाइट. काचेसारखं, टोकदार ते अपोफिलाइट. जळगाव जिल्ह्याचं नाव त्यासाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, आणि गावात लोक ते भरावात टाकतात. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना मी एकदा माझे तुकडे दाखवले. त्यांनी सगळ्यात सुंदर तुकडा बाजूला ठेवला आणि एक ओबडधोबड उचलला, कारण त्यालाच चिठ्ठी होती: कुणाची विहीर, किती हातांवर लागला. म्हणाले, कुठला ते माहीत नसलेला दगड शोभेचा, माहीत असलेला अभ्यासाचा. तेव्हापासून मी विहिरीवाल्यांना सोडत नाही. काकूंच्या शंखांचंही तेच आहे. मोचेमाडचा आणि सागरेश्वरचा शंख बरणीत एकसारखा दिसेल, पण काकूंसाठी ते दोन वेगळे दिवस होते.

बटणांच्या डब्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. त्यातली पांढरी, आतून मोरपंखी झळकणारी बटणं निवड. गालाला लावून बघ. गार लागली तर शिंपल्याची, नाहीतर प्लास्टिकची. शिंपल्याच्या बटणाची मागची बाजू बहुतेकदा थोडी ओबडधोबड असते, शिंपल्याच्या वरच्या सालीचा तपकिरी अंश राहिलेला असतो. मायच्या डब्यातही तशी निघाली, आजोबांच्या कोटाची असावीत. डब्याच्या तळाला आजीच्या सारीपाटाच्या कवड्याही होत्या. आपल्याकडच्या बाजारातून पूर्वी नाण्यांसारख्या चालणाऱ्या कवड्या मालदीवच्या समुद्रातून यायच्या. आमच्या घरातल्या कुणीही समुद्र पाहिला नव्हता, पण त्याच्या पोटातलं काहीतरी प्रत्येकाच्या हातात होतं. आणि आमची तापी तरी काय, भुसावळवरून जाते ती थेट सुरतेपुढे तुमच्याच समुद्राला मिळते.

काकूंची बटणं गोधडीला लावायचं मनात असेल तर कडेला लाव, मध्ये नको, झोपताना टोचतात. आणि एका कोपऱ्यावर, अंगाकडून न दिसेल अशा बाजूला, काकूंचं नाव आणि साल साखळी टाक्याने भर. बॉलपेनने लिहू नकोस, पहिल्याच धुण्यात पसरेल.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला ये. या वेळी कारण सांगू नकोस. माझी लेकही माहेरी येतेय, अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, आमरस आणि सांजोऱ्या होतीलच. पनवेल किंवा कल्याणला गाडी बदलून भुसावळला उतर, हे घ्यायला येतील. येताना निळी साडी, काकांचं एक धोतर आणि लिहिलेली वही आण. शंख एकही आणू नकोस, प्रवासात फुटतील. दोरा आणि अंगुस्तान माझ्याकडे आहेत. दुपारी ओट्यावर सावली असते, तिथे अंथरून दोघी मिळून कच्चे टाके घालू, म्हणजे धावदोरा तुला घरी जाऊन सावकाश घालता येईल.

काकांना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, कुठला शंख कुठला, ते आठवत नसेल तर तसंही लिहून ठेवा.

तुझीच,
सावद्याची मैत्रीण