पिशवीचं ऑपरेशन गणपतीनंतर

प्रिय मने,

काल फोन मधेच ठेवला कारण बाबा बाजूलाच सुपाऱ्या सोलत बसले होते, त्यांच्यासमोर काय बोलणार गो, म्हणून लिहितेय. अंग बाहेर येतंय, गर्भाची पिशवी खाली उतरतेय, हे दोन वर्षं लपवलं, चूक माझीच. सकाळी काही नसतं पण विहिरीवरून चार कळश्या आणल्या की संध्याकाळी खाली चेंडू अडकल्यासारखं होतं, हाताने आत सारून बसावं लागतं.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, पिशवी काढा नि मोकळ्या व्हा. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र कागदावर चित्र काढून दाखवलं. पिशवीचा दोष नाहीच, तिला धरणारे दोर सैल झालेत, बाळंतपणं, पाळी जाणं, जन्मभराची ओझी. नुसती पिशवी काढली नि वरचं टोक नीट बांधलं नाही तर तेच पुन्हा खाली उतरतं. म्हणजे बांधणार कुठे, ते आधी विचारायचं.

तू म्हणतेस ती दुर्बिणीने बसवायची जाळी, त्यात पिशवी न काढता जाळीने कण्याच्या खालच्या हाडाला टांगतात. टिकते चांगली, पण पूर्ण भूल लागते आणि जाळी क्वचित आत घासून बाहेर डोकावते. अमेरिकेत २०१९ला विक्री थांबवली ती खालून बसवायची जाळी, ही नव्हे, नीट वाचून मग फॉरवर्ड करत जा. गोव्यात जन्मलेल्या डॉ. शिरोडकरांची पिशवी टांगून धरणारी पट्टी मुलं हवी असणाऱ्यांसाठी, माझं ते वय गेलं. आणखी एकात खालचा रस्ताच शिवून टाकतात, ऑपरेशन लहान, म्हाताऱ्या बायकांना सोयीचं, पण नवराबायकोचे संबंध कायमचे बंद. चालेल का विचारलं त्यांनी. मी नको म्हटलं, हसू नकोस.

तर माझं ठरलंय, खालूनच पिशवी काढायची, पोटावर टाका नाही, कमरेत इंजेक्शन, आणि वरचं टोक आतल्या घट्ट बंधाला टाक्याने बांधायचं. काही आठवडे कुल्ला दुखू शकतो, लघवीच्या पिशवीकडची बाजू पुढे परत उतरू शकते, हेही त्यांनी लपवलं नाही, म्हणून तर विश्वास बसला.

गणपतीनंतरच हां, मोदक कोण करणार? तोवर पिशवी वर धरायला आत सिलिकॉनची रिंग बसवलीय, पहिल्या दिवशी टोचली, आता आहे हेच विसरते. ऑपरेशननंतर निदान ६ आठवडे कळशी बंद, आणि विहिरीचा पंप शिमग्यापासून बंद पडलाय. बाबांना तू फोन कर, तुझं ऐकतात.

तुझी आई