सुया टोचण्याआधी चक्कर कशाची ते पाहा

संपादक महोदय,

मेंदूला रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे येणाऱ्या चक्करवर अ‍ॅक्युपंक्चर हा खात्रीशीर इलाज असल्याचे सांगणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. बाह्यरुग्ण विभागात अनेक वर्षे चक्करचे रुग्ण तपासलेला डॉक्टर म्हणून त्याबद्दल चार शब्द लिहीत आहे. अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे निव्वळ थोतांड, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. माझा आक्षेप सुयांपेक्षा त्या ज्या निदानाच्या भरवशावर टोचल्या जातात, त्या निदानाला आहे. हे निदान खरे असेल तेव्हा सुया पुरेशा पडत नाहीत आणि सुयांनी ज्याला हमखास बरे वाटते, त्या रुग्णाच्या बाबतीत बहुधा निदानच खरे नसते.

‘मेंदूला रक्त कमी पडतंय’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. साठीची बाई चक्कर येते म्हणून दवाखान्यात जाते, मानेचा एक्स-रे काढला जातो, त्यात मणक्यांची झीज दिसते, गळ्याला पट्टा बांधला जातो आणि झिजलेल्या मणक्यांनी रक्तवाहिनी दाबली गेल्याचे सांगून तिची बोळवण होते. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसते, मग चक्कर येत असो वा नसो, हे तिला कोणी सांगत नाही. चक्कर म्हणजे भोवतालचे घर गरगर फिरते, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो, एवढे विचारण्याचेही कष्ट पुष्कळदा घेतले जात नाहीत.

मानेतून मेंदूकडे चार मोठ्या रक्तवाहिन्या जातात. त्यांतल्या मागच्या दोन मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर चढतात, कवटीत शिरल्यावर एकत्र येतात आणि मेंदूचा देठ, लहान मेंदू व मेंदूचा मागचा भाग यांना रक्त पुरवतात. तोल सांभाळणारी केंद्रे याच भागात असल्यामुळे इथला पुरवठा खंडित झाला तर चक्कर येते, हे खरेच आहे. मात्र ती सहसा एकटी येत नाही. एकाची दोन माणसे दिसतात, जीभ जड होते, घास गिळता येत नाही, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू बधिर होते, आधाराशिवाय उभेच राहता येत नाही. रक्ताची गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे एक पंचमांश याच मागच्या रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रात होतात. ही लक्षणे काही मिनिटांत ओसरली तरी पुढच्या दोन दिवसांत मोठ्या झटक्याचा धोका सर्वाधिक असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यायचे असते. अशा माणसाला आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायला सांगणे म्हणजे त्याच्या हातातला वेळ काढून घेणे होय.

यात एक पेच आहे आणि तो लपवून चालणार नाही. लहान मेंदूचा झटका क्वचित केवळ चक्कर, उलटी आणि तोल जाणे एवढ्याच रूपात येतो. मेंदूचा मागचा भाग सीटी स्कॅनवर नीट दिसत नाही, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयदेखील चकवू शकतो. म्हणूनच रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या, तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला अचानक सुरू झालेली आणि तासन्‌तास न थांबणारी चक्कर आली, तर डोळ्यांच्या हालचाली तपासू शकणाऱ्या डॉक्टरकडे त्याला त्याच दिवशी नेले पाहिजे. नुसता ‘स्कॅन नॉर्मल’ हा शेरा पुरेसा नाही.

आता उरलेल्यांचे पाहू, कारण सुयांच्या यशोगाथा बव्हंशी त्यांच्याच असतात. गरगरणाऱ्या चक्करचे सर्वांत नेहमीचे कारण मेंदूत नसून कानात असते. आंतरकर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे एका पापुद्र्याला चिकटलेले असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले, की डोके हलवताच नलिकेतला द्रव ढवळला जातो आणि मेंदूला फिरण्याची खोटी वर्दी जाते. अंथरुणात कूस बदलताना, फडताळातला वरचा डबा काढताना, केस धुवायला मान मागे टाकताना घर फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते. हे ओळखण्यासाठी एका खाटेखेरीज काही लागत नाही. रुग्णाला बसवून मान एका बाजूला पंचेचाळीस अंशांत वळवायची, मग त्याला चटकन आडवे करून डोके खाटेच्या कडेखाली किंचित झुकवायचे आणि डोळ्यांकडे पाहत राहायचे. दोन-चार सेकंद काहीच घडत नाही, मग बुबुळे झटके देत फिरू लागतात, रुग्ण आपला हात घट्ट धरतो आणि अर्ध्या मिनिटात सारे शांत होते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली ही चाचणी आहे. खडे पुन्हा जागेवर नेण्यासाठी डोके टप्प्याटप्प्याने फिरवण्याची एप्ली यांची पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने बहुतेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो.

हा आजार काहीही न करता पुष्कळ जणांत काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. अ‍ॅक्युपंक्चरचा एक कोर्सही साधारण तेवढाच काळ चालतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि ‘मेंदूचा रक्तपुरवठा सुधारला’ असे समजून रुग्ण शेजारणीलाही तिथेच पाठवतो. शेजारणीची चक्कर मात्र अर्धशिशीची, कानात दाब वाढून ऐकू कमी येणाऱ्या मेनियर विकाराची किंवा निव्वळ रक्तदाबाच्या गोळीचा डोस जास्त झाल्याची असू शकते.

चिनी रुग्णालयांतील अभ्यासांवर लेखाची भिस्त आहे. या विषयावर तिथे अभ्यास पुष्कळ झाले आहेत, हे मान्य. कवटीच्या तळाशी मानेत असलेला फेंगची, टाळूवरचा बाईहुई, मनगटाच्या आतला नेइगुआन असे बिंदू टोचायचे आणि आधी व नंतर डॉपलर यंत्राने मागच्या रक्तवाहिन्यांतील रक्ताचा वेग मोजायचा, असा यांतल्या बऱ्याच प्रयोगांचा साचा असतो. पण डॉपलर वेग मोजतो, मेंदूच्या पेशींना किती रक्त पोचले ते नाही. रक्तवाहिनी अरुंद झाली तर त्याच जागी वेग वाढलेलाही दिसतो, म्हणून आकडा हलला म्हणजे पुरवठा सुधारला, असे मानता येत नाही. शिवाय अनेकदा एका गटाला सुया आणि दुसऱ्याला गोळ्या दिल्या जातात, त्यामुळे कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक असते आणि डॉक्टरलाही. १९९८ मध्ये विकर्स व सहकाऱ्यांनी देशनिहाय निष्कर्ष पडताळले, तेव्हा चीनमधून आलेला अ‍ॅक्युपंक्चरचा प्रत्येक प्रयोग यशस्वीच ठरलेला आढळला. शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळेच्या पेपर तपासणीबद्दल जो संशय येतो, तोच इथे यायला हवा.

त्वचेत न शिरता मुठीत मागे सरकणारी बोथट सुई याच सुमारास जर्मनीत तयार झाली आणि खोट्या सुयांशी तुलना करणे सोपे झाले. पुढे २००७ मध्ये जर्मनीतच कंबरदुखीवर झालेल्या मोठ्या प्रयोगात नेमक्या बिंदूंवर टोचलेल्या आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांचा गुण जवळपास सारखाच आला, मात्र दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले. मला हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचा वाटतो, आणि म्हणूनच विश्वासार्हही. शांत आडवे पडणे, कोणीतरी आस्थेने हात लावणे, बरे वाटेल ही आशा, यांचा परिणाम खरा असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या बिंदूचा उपयोग होतो, याला तर चांगला पुरावा आहे. चक्करसोबत उलट्या होणाऱ्याला सुयांनी हायसे वाटले तर त्यात नवल नाही. पण हायसे वाटणे वेगळे आणि रक्तवाहिनीतला अडथळा दूर होणे वेगळे.

लेखात धोक्याबद्दल एक ओळही नाही. फेंगची बिंदू मानेच्या स्नायूंमधल्या खळगीत आहे आणि त्याच्या खोलवर तीच मणक्यातली रक्तवाहिनी व मेंदूचा देठ आहे, त्यामुळे सुईची दिशा आणि खोली सरावाच्या हातावर सोडता येत नाही, ती शिकूनच यावी लागते. मागच्या रक्तवाहिन्यांचा विकार ज्याला खरोखर आहे, तो बहुधा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतो. ते विचारल्याशिवाय मानेला सुई लावू नये. ‘आता गोळ्यांची गरज नाही’ असे सांगून अ‍ॅस्पिरिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करायला लावणारे तर थेट पक्षाघाताला आवतण देतात.

या पद्धतीशी महाराष्ट्राचा धागा जुना आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. (कोटणीसांचे नाव सुयांशी सर्रास जोडले जाते, पण तिथे त्यांचे काम शल्यचिकित्सकाचे होते. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्याच पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू यांचे.) पुढे आपल्या राज्याने २०१५ चा स्वतंत्र कायदा करून या व्यवसायाची परिषद स्थापन करण्याची सोय केली आणि २०१९ मध्ये केंद्राने स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मान्यतेबरोबर जबाबदारीही येते. चक्करचा रुग्ण आला की आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजणे, वर सांगितलेली खाटेवरची चाचणी करणे, चालू गोळ्यांची नोंद घेणे आणि दुहेरी दिसणे, बोबडी वळणे, गिळता न येणे, बधिरपणा किंवा उभे राहता न येणे यांपैकी काहीही असल्यास सुई न लावता रुग्णालयात पाठवणे, एवढे परिषदेने केसपेपरवरच छापून बंधनकारक करावे. अंगाला हात लावण्याआधी पाच-दहा मिनिटांत होणारे हे काम आहे. आपल्या पुरवणीनेही या पाच लक्षणांची चौकट पुढच्या अंकात, मूळ लेख छापला त्याच पानावर, ठळक अक्षरांत द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, मिरज