वसईच्या सुतारकाकांना आणि त्यांच्या पोरापोरींना

आदरणीय काका, आणि तुमच्याबरोबर आलेल्या सगळ्या मुलामुलींनो,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा काढल्याशिवाय छपराचं कौतुक करायचं नाही, असा आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांचा दंडक आहे. म्हणून आमची वादळात उडालेली छपरं बांधून 2021 च्या जानेवारीत तुमचा टेम्पो परत निघाला तेव्हा कोणी फारसं काही बोललं नाही. तुमच्यातल्या एक-दोघींना ते लागलंही असेल. आता पाऊस ओसरलाय, भात निसवलंय, तेव्हा वाडीच्या वतीने मी, इथली अंगणवाडीताई, लिहायला बसले आहे. पत्र उघड लिहिते, कारण सगळ्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. शिवाय तुम्ही काम कसं केलंत ते इतर मंडळांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. ताशी 100 किलोमीटरच्या वरचा वारा. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, नारळ घरांवर कोसळले, विजेचे खांब मोडून पडले. बातम्या आल्या त्या इथल्या नावाजलेल्या रोठा सुपारीच्या, आणि ते बरोबरच होतं. सुपारीचं झाड धरायला लागेपर्यंत कैक वर्षं जातात, बागायतदार पार मोडून गेला. पण डोंगराच्या अंगाला असलेल्या आमच्या कातकरी वाडीत सुपारीही नाही आणि सातबाराही नाही. कारवीचा कूड, वर मिळेल ते छप्पर, आणि खालची जमीन दुसऱ्याची. सरकारने त्या वेळी पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि अंशतः पडझडीला 15,000 रुपये जाहीर केले होते. पण कागदावर ज्याचं घर नाही, त्याच्या घराची पडझड कागदावर आणायची कशी, या प्रश्नात वाडीतली बरीच नावं अडकली.

मदत आली नाही असं मी म्हणणार नाही. बिस्किटं आली, मेणबत्त्या आल्या, ताडपत्र्या आल्या. त्या ताडपत्र्यांखालीच वाडीने तो पावसाळा काढला. पुढे थोडे पत्रेही मिळाले. पण चढवणार कोण? सगळ्या तालुक्याची छपरं एकाच दुपारी उडालेली, त्यामुळे सुतार जिकडे पैसा तिकडे. परप्रांतातले कारागीर लॉकडाऊनमध्ये आधीच गावी गेलेले. पत्रे दगड ठेवून अंगणात पडून राहिले, आणि दिवाळीनंतर माणसं नेहमीसारखी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन वीटभट्ट्यांवर निघून गेली. मागे राहिली म्हातारी माणसं आणि गंज चढलेली कुलपं.

अशा वेळी तुम्ही आलात. टेम्पोला बॅनर नव्हता, हे मी आधी पाहिलं. (इतके बॅनर बघितले होते की ती सवयच लागली होती.) पहिल्या दिवशी तुमच्यातलं कोणी छपरावर चढलं नाही. तुम्ही वही घेऊन घराघरांतून फिरलात, वाशांना हातोडीने ठोकून आवाज ऐकत होतात. आणखी एक सर्व्हे आला, असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, "ताई, घरवाल्यांचे नंबर द्या. विचारल्याशिवाय मी कौल हलवणार नाही." काका, माझे आभार मुख्यतः या एका वाक्यासाठी आहेत. आमच्या वाडीला आजवर पुष्कळांनी पुष्कळ दिलं, पण तुम्हाला काय हवंय हे विचारायला भट्टीवर फोन कोणी लावला नव्हता. नंबर तरी कुठे धड होते! मुकादमाला फोन करायचा, त्याने भट्टीवर हाक मारायची, मग धापा टाकत कोणीतरी यायचं. एकीने सांगितलं, पत्रे घाला पण चुलीच्या वर दोन हात कौलंच राहू द्या, धूर जायला वाट हवी. एकाने दार उगवतीकडून हलवू नका म्हणून बजावलं. आणि एका बाबाने मधला खांब काढायला साफ नकार दिला, कारण तो त्याच्या बापाने रोवला होता. खांब तळाशी वाळवीने पोखरलेला. तुमच्या पोरांचा चेहरा मला आठवतो, नवा खांब खांद्यावर घेऊन उभीच होती. तुम्ही वाद घातला नाहीत. कुजका हातभर भाग कापलात, खाली काँक्रीटची बैठक केलीत, वरचा खांब जळकं ऑइल लावून तिच्यावर बसवलात. अर्धा दिवस जास्त गेला. बाबा मे महिन्यात भट्टीवरून परतला तेव्हा खांबाला हात लावून बघितला आणि "बरा हाय" एवढंच म्हणाला. आमच्याकडे हे भरपूर झालं.

कामाचं थोडं लिहिते, कारण वाडीने ते लक्षात ठेवलंय. पत्रा का उडाला हे तुम्ही आधी समजावलंत. वारा वळचणीखालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो, म्हणून पुढे काढलेली लांब वळचण कमी केलीत. निव्वळ खिळ्यांऐवजी जे-हुक, म्हणजे इंग्रजी J सारखे वाकवलेले हुक, घातलेत, तेही पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगटात नाही, म्हणजे भोकातून पाणी उतरत नाही. कडेच्या रांगेला हुक दाट. वासा आणि खांब तारेच्या पिळाने बांधून टाकलात. हे सगळं करताना वाडीतल्या चार पोरांना तुम्ही नुसतं सामान उचलायला ठेवलं नाहीत, ड्रिल त्यांच्या हातात दिलंत. आणि तुमच्या मुली आढ्यावर बसून हुक आवळत होत्या, ते बघायला गावातून माणसं येत होती. एका आजीने विचारलं, "हिचं लगीन कसं व्हायचं?" त्यावर वरून उत्तर आलं, "आजी, नवराच खाली पाना द्यायला उभा आहे." खरं होतं की थट्टा, ते आजीला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरं नाही. चर्चची मंडळी आली म्हटल्यावर गावात कुजबुज झाली. कशाला आलेत, पुढे काय मागतील? मलाही दोघा-तिघांनी बाजूला घेऊन विचारलं. तुमची सकाळची प्रार्थना अंगणवाडीच्या मागच्या ओट्यावर व्हायची, तुमची तुम्ही, दहा मिनिटं. वाडीतलं कोणी तिकडे बोलावलं गेलं नाही. रविवारी तुम्ही दिघीहून आगरदांड्याची फेरीबोट धरून मिस्सासाठी कोर्लईला गेलात आणि संध्याकाळी परत येऊन उरलेली रीप ठोकलीत. विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगितलं, की बघायचं असेल तर छपरावर या, तिथे माणसं कमी पडतायत. त्यातला एक खरोखर आला.

अंगणवाडीची भिंत रंगवलीत त्याबद्दलही आभार, पण खरं सांगायचं तर ते नसतं केलंत तरी चाललं असतं. पहिल्या पावसात हत्तीची सोंड गेली. मुलांना मात्र तुमची सुकेळी अजून आठवतात. वसईच्या केळ्याची सर आमच्याकडच्या केळ्याला नाही, हे मी मान्य करते.

16 मे 2021 च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून वर सरकत होतं. वाडीतली माणसं शाळेत आणून ठेवली. बरीच घरं तेव्हाही बंदच होती, भट्ट्या उठायच्या होत्या. वारा पडल्यावर मी वही घेऊन घराघरांतून फिरले, तुमच्यासारखीच. एका घराचा आढ्यावरचा कोना सरकला होता, काही कौलं घसरली होती. तुम्ही बांधलेला एकही पत्रा जागचा हलला नव्हता. ज्या दोन घरांना वेळ पुरला नाही, त्यांच्या ताडपत्र्या ओढ्यात सापडल्या.

पुढे चार-पाच दिवसांनी तुमचा फोन आला. त्याच वादळाने तुमच्याकडे वीज नव्हती, रेंज नव्हती. तुम्ही आधी मधल्या खांबाची चौकशी केलीत, मग पत्र्यांची, मग आजीची. फोन ठेवता ठेवता सहज म्हणालात, की तुमची केळीची बाग झोपली. मला त्या क्षणी काय बोलावं सुचेना. लॉकडाऊन पुन्हा लागलेला, इथून कोणाला पाठवणं शक्य नव्हतं.

जमिनीचा प्रश्न आहे तिथेच आहे. तुमची छपरं अजून दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत, आणि तो झगडा तुमचा नाही, आमचा आहे. तुमच्याकडे ड्रिल शिकलेल्या चौघांतले दोघे मात्र यंदा उचल घेणार नाहीत म्हणतात. म्हसळ्याला छपराची कामं मिळतायत, आणि ती उरलेली दोन घरंही त्यांनीच पावसाआधी शाकारली. हुक मोजून घातलेत का, हे मी वर चढून पाहिलंय. मधलं एक अंतर जास्त होतं, ते परत करायला लावलं.

हे दोघे तुमच्याकडे यायला तयार आहेत. केळी लावायची असोत, गोठ्याचं छप्पर असो, पडेल ते करतील. मजुरीचं काही बोलू नका, त्यांना राग येईल. फक्त जेवणात मासळी असू द्या. दिवाळीच्या आत फोन करा, कारण नंतर मुकादम फिरायला लागतो आणि घरच्यांचा जोर वाढतो. माझा नंबर तोच आहे.

आपली,
अंगणवाडी सेविका, आणि सगळी वाडी
ता. श्रीवर्धन, जि. रायगड