जन्मतः चाचणी पास झाली, तरी

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. वहिनीला दिवस गेलेत आणि चिऊ दिवसभर तुमच्याजवळ असते. विषाणूंमुळे मुलांचे कान बिघडतात तेव्हा बरेचदा दुखत नाही, ठणकत नाही, म्हणून घरातल्या मोठ्यांनीच लक्ष ठेवावं लागतं.

आधी येणाऱ्या बाळाचं. सीएमव्ही नावाचा विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन्‌महिने राहतो. चिऊला त्याने काही झाल्याचं कळणारही नाही, पण गरोदरपणात तो वहिनीकडून गर्भात पोचला तर बाळाच्या आतल्या कानाला इजा करू शकतो. म्हणून वहिनीने चिऊचं उष्टं खायचं नाही, तिचा चमचा तोंडात घालायचा नाही, पापी कपाळावर घ्यायची. शू-शी काढल्यावर, नाक पुसल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुवायचे. शक्य तेव्हा ही कामं तुम्हीच करा.

बाळ झाल्यावर कानाची चाचणी पहिल्या महिन्याच्या आत व्हायलाच हवी. त्यात बाळ नापास झालं, तर लाळेची किंवा लघवीची सीएमव्ही तपासणी 21 दिवसांच्या आत करून घ्यायची. उशीर झाला तर विषाणू जन्माआधीचा की नंतरचा, हे सांगता येत नाही. लाळ घ्यायची तर दूध पाजून निदान तासभर झालेला असावा, कारण आईच्या दुधातूनही विषाणू येतो आणि निकाल फसवा निघतो. लाळेचा निकाल सकारात्मक आला तर लघवीने खात्री करतात. औषध आहे, पण ते लवकर, शक्यतो पहिल्या महिन्यात सुरू करायचं असतं. सहा महिने चालतं आणि त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात का, ते वरचेवर पाहावं लागतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा: सीएमव्ही झालेल्या बाळाची जन्माच्या वेळची चाचणी पास झाली, तरी ऐकणं पुढे काही वर्षांत कमी होऊ शकतं. अशा बाळाचे कान शाळेत जाईपर्यंत पुन्हापुन्हा तपासत राहायचे.

आता चिऊ. तिचं लसीचं कार्ड काढा. ‘एमएमआर’ लिहिलंय की नुसतं ‘एमआर’, ते बघा. एमआरमध्ये गोवर आणि रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते; ती एमएमआरमध्ये असते. गालगुंडाने एकाच कानाचं ऐकणं अचानक, बरेचदा पूर्ण आणि कायमचं जाऊ शकतं. दुसरा कान चांगला असल्याने मूल हाकेला ओ देतं, बोलतंही छान, आणि वर्षानुवर्षं कोणालाच पत्ता लागत नाही. फोन आळीपाळीने दोन्ही कानांना लावून पाहा. ती दर वेळी उचलून त्याच कानाकडे नेते का? मागून हाक मारली की भलतीकडेच वळते का? असं दिसलं तर ‘लक्ष नसतं तिचं’ म्हणून सोडू नका. आणि ऐकणं अचानक गेल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.

सर्दीनंतर टीव्हीचा आवाज वाढवायला लागली, तर ते वेगळं. कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि कानात बोळे घातल्यासारखं ऐकू येतं. बहुतेक मुलांत ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, अँटिबायोटिकने लवकर जात नाही. तोवर तिच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं बोला, टीव्ही बंद करून. कानात तेल मात्र घालू नका. पाणी पडद्याच्या आत असतं, तेल तिथे पोचतच नाही. आणि पडद्याला भोक असेल तर थेट मधल्या कानात जातं. तीन महिन्यांनीही फरक नसेल तर ऐकण्याची आणि पडद्याच्या हालचालीची, अशा दोन्ही तपासण्या करून घ्या.

लसीच्या कार्डाचा फोटो आजच पाठवा, मागची-पुढची दोन्ही पानं.

तुमची लेक