कोलांट्या मोजून काय कळतं?

मा. संपादक,

नमस्कार. मागच्या रविवारी क्रीडा पानावर हवेत उलट्या झालेल्या स्प्रिंट कारचा फोटो छापलात. फोटो एक नंबर, त्यात वादच नाही. पण खाली दोनच ओळी, गाडीने सात कोलांट्या खाल्ल्या आणि ड्रायव्हर वाचला हा चमत्कार, बस. मी ही रेसिंग बरीच वर्षं बघतोय म्हणून तो चमत्कार शब्द खटकला, आणि लिहायला बसलो.

ज्यांनी बघितलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत मातीचे लंबगोल ट्रॅक असतात, आयोवामधलं नॉक्सविल अर्ध्या मैलाचं, तिथे दर ऑगस्टला नॅशनल्स, म्हणजे स्प्रिंट कारची सगळ्यात मोठी शर्यत, होते. गाडीत 410 क्युबिक इंचाचं इंजिन, पॉवर 900 हॉर्सपॉवरच्या आसपास आणि वजन ड्रायव्हर धरून साधारण साडेसहाशे किलो! क्लच नाही, स्टार्टर नाही, मागून ट्रकने ढकलून चालू करतात. डोक्यावर गाडीला जमिनीवर दाबून धरणारा 25 चौरस फुटांचा पंख, चारही चाकं उघडी, त्यामुळे आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकावर चढलं की गाडी गेलीच वर.

आता गंमत बघा, गाडी गडगडत जाते तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो पण ड्रायव्हरच्या दृष्टीने ते त्यातल्या त्यात बरं असतं, कारण पंख चेपतो, चाकं निखळतात, एक्सल वाकतो, आणि प्रत्येक आपटीत थोडा थोडा वेग खर्च होत जातो, आत रोल केज (पाइपांचा मजबूत पिंजरा) असतो, घट्ट पट्टे असतात, माणूस बाहेर येऊन हात हलवतो. खरी भीती एकाच फटक्यात थांबण्याची. अंग पट्ट्यांनी बांधलेलं आणि डोकं तसंच पुढे जातं, कवटीच्या तळाला तडा जातो. हेल्मेट खांद्यांवरच्या कॉलरला बांधून धरणारं हान्स डिव्हाइस त्याच्यासाठीच आहे, हबर्ड आणि डाउनिंग यांनी ते 1980 च्या दशकातच बनवलं होतं, पण 2001 मध्ये नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट डेटोनाच्या शर्यतीत अपघातात वारले तेव्हा कुठे नासकारने (अमेरिकेतली स्टॉक कार रेसिंगची मोठी संस्था) डोकं धरून ठेवणारं उपकरण, म्हणजे हेड रिस्ट्रेंट, सक्तीचं केलं. इतकी वर्षं काय केलं म्हणे. ही खोड जुनीच आहे म्हणा, एके काळी तर रोल केजवाली गाडी म्हणजे भित्र्याची गाडी समजायचे.

दुसरी गोष्ट फोटोत येतच नाही, ती म्हणजे गाडी थांबल्यानंतरचे काही सेकंद. ब्रायन क्लॉसन या ड्रायव्हरचं 2016 मध्ये काय झालं? बेलव्हिलला मिजेट गाडी (ही स्प्रिंट कारची धाकटी बहीण) उलटली आणि मागून येणारी गाडी त्याच्यावर आदळली, त्यात तो गेला. वय 27. त्याच वर्षी इंडी 500 या मोठ्या शर्यतीत काही लॅप्स तो लीडला होता. 2014 मध्ये केविन वॉर्ड ज्युनियर, वय फक्त 20, भिंतीला लागून थांबल्यावर चिडून गाडीतून उतरून ट्रॅकवर आला आणि नासकारचा नामवंत ड्रायव्हर टोनी स्टुअर्ट याच्या गाडीखाली सापडून गेला. त्यानंतर काही दिवसांतच नासकारने नियम काढला की मदतीची माणसं येईपर्यंत गाडीत बसून राहायचं, आग वगैरे लागली तरच उतरायचं. साधा नियम आहे हो, फुकटचा, एक डॉलर खर्च नाही. आगीचं निघालं म्हणून सांगतो, इंधन मेथनॉल असतं, त्याची ज्वाळा दिवसा दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून मदतीला जाणारा माणूस शिकलेला पाहिजे, नुसता धावणारा नको.

खर्चाचं रडगाणं मला पटत नाही. छोट्या टीम स्वतःच्या खिशातून चालतात हे मान्य, पण चांगल्या इंजिनाला पन्नास हजार डॉलरच्या वर मोजणारा माणूस काहीशे डॉलरच्या हेड रिस्ट्रेंटला खळखळ करतो तेव्हा काय म्हणायचं? पट्ट्यांवर तारीख असते, दोन वर्षांत बदलायचे, तेही किती जण बदलतात देव जाणे. मोठ्या सीरिजमध्ये तपासणी कडक असते पण तोच ड्रायव्हर आठवड्यात मधेच एखाद्या छोट्या ट्रॅकवर जातो, तिथले नियम वेगळे, कुंपण वेगळं, अँब्युलन्स वेगळी, भिंत मात्र तितकीच कडक. आणि हे नवख्यांपुरतं आहे असं नका समजू. 2018 च्या जूनमध्ये जेसन जॉन्सन गेला, 2016 चा नॉक्सविल विजेता होता तो, आणि सप्टेंबरमध्ये ग्रेग हॉडनेट. तीन महिन्यांत दोन मुरलेले ड्रायव्हर. मला विचाराल तर सीट, हेड रिस्ट्रेंट आणि ट्रॅकवरची शिकलेली माणसं या तीन गोष्टी प्रत्येक ट्रॅकवर सारख्याच सक्तीच्या पाहिजेत, बक्षीस मोठं असो की छोटं.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली अजून दोन ओळी टाका, ड्रायव्हरच्या मानेला काय आधार होता, गाडी कशावर जाऊन थांबली, मदत किती सेकंदात पोचली. जागा कमी असेल तर चमत्कार काढून टाका, तेवढी जागा होईल.

आणि हो, मी तो व्हिडिओ शोधून तीनदा बघितला. सात नाही, पाचच कोलांट्या होत्या.

आपला,
एक रेसवेडा वाचक